आलो

मोठा दिवा बंद करा रे. कोपऱ्यातला तेवढा राहू दे. तालीम पुरे आता. तासभर ऐकतोय मी. मरणावरच्या एवढ्या कविता, आणि तुम्ही बस सुटत असल्यासारख्या वाचून टाकल्यात. उच्चार स्वच्छ आहेत, चूक एक नाही, पण थांबणं कुठे म्हणून नाही. तेव्हा थांबण्याचीच एक गोष्ट सांगतो. म्हणजे घडलेली. ज्याच्या बाबतीत घडली तो याच धंद्यातला, माझ्या रोजच्या बैठकीतला. त्याला आम्ही कात्री म्हणायचो.

कुणी वाचून गेलं की ते रेकॉर्डिंग साफ करायचं हे त्याचं काम. खोकला, अडखळणं, पान उलटल्याचा आवाज, सगळं काढून टाकायचा. वाचणारा दोन शब्दांच्या मधे जरा जास्त रेंगाळला की याचे हात शिवशिवायला लागायचे. माणूस हुशार, मनाचाही वाईट नाही, पण बूड एका जागी टेकेल तर शपथ. आणि एक खोड. कुणीही हाक मारो, फोन करो, हा म्हणणार, "आलो, आलो!" आणि येणार नाही. त्याची बायको म्हणायची, "यांनी 'आलो' म्हटलं की मी ताट झाकून ठेवते."

त्याची थोरली बहीण कविता करायची. सगळ्या अशाच, काळोखाच्या, गेलेल्या माणसांच्या. हा चिडवायचा, "ताई, एखादी तरी अशी लिही की शेवटपर्यंत कुणी मरत नाही." ती हसायची. "माझ्या कवितेत मरत नाही रे कुणी. थांबतात. वाट बघतात."

पुढे तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. आवाज आहे तोवर कविता आपल्या तोंडानं वाचून ठेवाव्यात असं तिच्या मनानं घेतलं. भावाचा स्टुडिओ होताच. एका दुपारी तिथूनच तिनं फोन केला, "ये ना रे. तू काचेपलीकडे नुसता बसलास तरी मला धीर येईल." हा म्हणाला, "आलो, ताई." आणि कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीत अडकून बसला. रखवालदारानं दार उघडून दिलं, बटण दाबून दिलं, आणि ताईनं एकटीनं वाचलं. त्याच महिन्यात ती गेली.

कात्रीनं धावपळ सगळी केली, पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही. ती फाइल मात्र वर्षभर उघडली नाही. ताईची मुलगी, म्हणजे त्याची भाची, त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. "मामा, आई घरी येऊन म्हणाली, मी दाराकडेच बघत होते," एवढं एकदाच बोलली होती ती. ते याच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

वर्ष होत आलं तसा भाचीनं एक कार्यक्रम ठरवला. ताईच्या कविता, ताईच्याच आवाजात. सकाळी दहाला. "मामा, फाइल साफ करून देशील? शक्य असेल तर," असं तिनं परक्यासारखं विचारलं. तर तेवढ्या कामासाठी हा आदल्या रात्री स्टुडिओकडे निघाला. नऊ वर्षं झाली त्या रात्रीला. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. खाली रखवालदाराशी दोन शब्द बोलला, वर गेला, दार लोटलं, पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवला आणि हेडफोन चढवले.

ताईचा आवाज आला.

"अंधाराला आत घे…"

आणि ती थांबली. किती वेळ! तेवढ्या वेळात चार माणसं जिना चढून आली असती. मग पुढची ओळ, "बाहेर त्याला थंडी वाजत असेल."

कात्रीनं मधली जागा कापली. दोन्ही ओळी जोडल्या. छान चिकटल्या. पुढच्या कवितेत पुन्हा तसंच. ती मधेच थांबायची, ओळ अर्धी सोडून. दम लागला म्हणून म्हणावं तर श्वासाचा आवाज नाही. कुणीतरी आत आल्यावर माणूस बोलता बोलता थांबतो ना, तशी. हा कापत गेला. लवकर उरकून घरी जायचं होतं त्याला. त्या खोलीत बसवत नव्हतं.

तिसऱ्या कवितेच्या थांब्यात खुर्ची करकरली.

त्यानं हेडफोन काढले. स्वतःची खुर्ची हलवून बघितली. करकरली. "च्यायला, हीच," तो पुटपुटला. मग अंग आवळून बसला, जरासुद्धा हलला नाही, आणि ती जागा पुन्हा लावली. पुन्हा करकर. ताईच्या रेकॉर्डिंगमधे. आता बघा, ती खुर्ची त्यानं गेल्याच महिन्यात आणलेली. रेकॉर्डिंग वर्षापूर्वीचं. असेल दुसरी एखादी, त्यानं मनाची समजूत घातली. खुर्च्या काय, सगळ्याच करकरतात.

पुढची कविता. पुढचा थांबा.

"च्यायला, हीच."

दबका आवाज. पुरुषाचा. त्याचाच.

 आत्ता, या खोलीत, तो जे बोलला होता… ते वर्षापूर्वी ताईच्या माइकनं ऐकलं होतं. आणि ताईनंही ऐकलं होतं. म्हणून ती थांबली होती.

उठून जावं ना माणसानं? पण सकाळी दहाला भाची सभागृहाच्या दारात उभी राहणार. आणि पुन्हा एकदा "मामा आला नाही" हे ऐकण्यापेक्षा भूत परवडलं, असं तोच मला म्हणाला. तो बसून राहिला.

पाचवी कविता. थांबा. खण्ण… आणि मग काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. पेला जागच्या जागी होता. भरलेला.

हे काही त्यानं अजून केलेलं नव्हतं.

त्यानं पेला दोन्ही हातांनी उचलला. खाली ठेवला, भिंतीला टेकवून. जमिनीवरून कुठे पडणार? मग रखवालदाराला हाक मारावी म्हणून उठला. हेडफोनची वायर पायात आली. तोल गेला. पाय भिंतीकडे…

खण्ण.

पेला घरंगळत दारापर्यंत गेला. अगदी तसाच.

तो खाली बसला. ओल्या फरशीवरच. हेडफोन कानावर होते. काढायचं सुचलं नाही. कविता चालू होती… थांबली.

कुणीतरी रडत होतं. बाप्या माणूस. हुंदका गिळायला जावं आणि तो आणखी मोठा व्हावा, तसं.

त्यानं आपल्या गालाला हात लावला. कोरडा.

ते रडणं चालूच होतं. आणि मग… अगदी जवळून… कवितेचा सूर सोडून, घरात बोलावं तशी ताई म्हणाली,

"अरे… असा फरशीवर काय बसलास."

तेव्हा तो फुटला. वर्षाचं सगळं आलं. रडता रडता त्याला कळत होतं, हाच हुंदका. हाच. आत्ता ऐकलेला. कानात आणि घशात एकच.

मग शांत झालं.

शेवटची कविता ताईनं वाचली. न थांबता. पान मिटल्याचा आवाज आला.

आणि मग काहीच नाही… कितीतरी वेळ.

"आलास?"

त्याला बोलायचं होतं. जीभ उचलत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले.

आणि हेडफोनमधे त्याचाच आवाज म्हणाला,

"आलो."

मग रात्रीतून त्यानं आणखी एकही जागा कापली नाही. कापलेल्या होत्या त्या परत जोडल्या. खाली येऊन रखवालदाराला विचारलं, "वर्षापूर्वी ताई आली होती, तेव्हा वर आणखी कुणी होतं?" तो म्हणाला, "कोण असणार साहेब? बाई एकट्याच होत्या. दार मीच बाहेरून ओढून घेतलं होतं."

सकाळी मी होतो तिथे. आता नीट ऐका. खुर्ची नाही, पेला नाही, रडणं नाही. भरल्या सभागृहात ते थांबे सगळे नुसते रिकामे ऐकू आले. लोक श्वास धरून बसले होते. शेवट मात्र होता. "आलास?" आणि मग, "आलो." मी या कानांनी ऐकलं.

भाची तशीच उठली आणि त्याच्या गळ्यात पडली. "गेला होतास तू, मामा! आईनं सांगितलं कसं नाही मला? वर्षभर मी तुझ्याशी…"  कात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.  मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पण तुझा घसा का रे एवढा बसला होता तेव्हा? ओळखूच येत नव्हता आवाज आधी. म्हाताऱ्यासारखा."

तेव्हापासून "आलो" हा शब्द त्यानं तोंडातून काढलेला नाही. कुणी बोलावलं की म्हणतो, "निघतोय." आणि खरंच निघतो. दिलेल्या वेळेच्या आधी हजर. त्याची बायको ताट झाकत नाही आता. खुर्चीचा हिशेब लागला, पेल्याचा लागला, रडण्याचा लागला. तेवढा एक शब्द फाइलमधे आहे आणि तो त्यानं अजून उच्चारलेला नाही.

परवा फोनवर बोललो त्याच्याशी. औषध चालू आहे म्हणाला. घसा फार बसलाय त्याचा.

तुझा फोन वाजतोय बघ, पोरी. आईचा असेल, केव्हाची वाट बघत असेल ती. उचल ना…

का गं? "आ" म्हणून थांबलीस का?

निघतेय म्हण. आणि नीघ.