माणूस खाली हाय

कंदिलाची वात जरा खाली घ्या रे, काच काळी व्हायला लागलीय. लाईट काही आता सकाळपर्यंत येत नाही. झोपायचं असेल तर झोपा, नाहीतर गप ऐका. मी दमलोय, एकदाच सांगणार. मधेच कुणी 'मग, मग' केलंत तर तिथंच सोडून देईन.

गोष्ट माझी नाही, योहानची आहे. मी कानिफनाथ लाइनमन, उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर गेला. रात्री-अपरात्री वड-पिंपळाखालून तारा ओढल्या, पण मला कधी कुणी भेटलं नाही. भुतंसुद्धा माणूस बघून भेटत असावीत. पण योहान खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणणारा माणूस तो.

इथून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर, प्रवरेच्या काठाला एक शेतकी कॉलेज आहे. नाव घेत नाही. तिथल्या तारा मीच ओढल्या. ऑफिस, होस्टेल, गोठा, वर्कशॉप, टेकडीवरची टाकी आणि पार नदीवरचं पंपघर, सगळीकडं फोन. सगळ्या तारा एका खोलीत यायच्या आणि तिथं बोर्डापुढं योहान बसायचा. कुणी रिसिव्हर उचलला की बोर्डावर त्याच्या नावाचा दिवा लागायचा. योहान दिव्याखालच्या भोकात तारेची दोरी खोचून विचारायचा, "कोण पाहिजे?" रिसिव्हर खाली ठेवला की दिवा विझायचा. झालं, एवढंच.

बाहत्तर साल. नाताळच्या आधीचा शनिवार. योहानला त्या रात्री एकच काम होतं. जुना बोर्ड सकाळी भंगारवाला उचलून नेणार होता, त्याच्या तारा कापून टोकं बांधून ठेवायची. त्या खोलीत दिवाळीपासून... नाही, पोळ्याच्या आधीपासूनच, नवीन मशीन आलं होतं. लोखंडाची दोन कपाटं. चकती फिरवली की फोन आपोआप लागायचा, मधे माणूस नको. योहानला काढलं नाही, मशीनजवळ बसवून ठेवलं. घरातल्या म्हाताऱ्याला ओसरीवर बसवतात तसं. मशीन रात्रभर कट-कट, कट-कट करायचं आणि योहान ऐकायचा.

घरी मरिया करंज्या तळत होती. दारावर कागदाची चांदणी लावायची राहिली होती. लवकर येतो म्हणून तो निघाला. पक्कड घेऊन बोर्डामागं बसला आणि एकेक तार कापत गेला. होस्टेल. गोठा. ऑफिस. पंपघराच्या तारेपाशी त्याचा हात थांबला.

का थांबला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

पंपघरावर भीमा नावाचा माणूस होता. नदीकाठी विहीर, विहिरीवर मोटर आणि मोटरीपासून तळापर्यंत फिरणारा लोखंडी दांडा. तळाला गाळ अडकला की भीमाला खाली उतरून, त्या दांड्याला चिकटून उभं राहून तो काढावा लागे. आणि मोटर चालू करायचा खटका होता वर्कशॉपात, मैलभर लांब. टाकीवाला योहानला सांगायचा 'पाणी सोडा', योहान वर्कशॉपाला सांगायचा, तिथं कुणीतरी खटका दाबायचा. म्हणून भीमानं एक रीत पाडली होती. उतरण्याआधी रिसिव्हर उचलायचा, म्हणायचं, "योहानभाऊ, माणूस खाली हाय. ध्यान ठिवा." आणि रिसिव्हर तसाच लोंबता सोडून द्यायचा. बोर्डावर पंपघराचा दिवा जळत राहायचा. दिवा जळतोय तोवर योहान मोटर लावू द्यायचा नाही. एकदा मोठ्या साहेबांचा फोन आला, आंघोळीला पाणी नाही म्हणून. योहान म्हणाला, "साहेब, माणूस विहिरीत आहे. थांबावं लागेल." साहेब थांबले. भीमा वर आला की रिसिव्हर उचलून सांगायचा, "आलो वर. ठिवतो." मग दिवा विझायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन माणसांनी आपसात ठरवलेलं.

मग पुण्याचा तरणा इंजिनियर आला. पोरगा वाईट नव्हता हां. रात्र-रात्र जागून, हातानं तारा जोडून त्यानं टाकीलाच अक्कल दिली. पाणी कमी झालं की टाकी स्वतः मोटर चालू करायची. विहिरीतून पाणी ओढलं गेलं नाही तर मोटर आपोआप थांबायची आणि जरा वेळानं पुन्हा चालू होऊन बघायची. कुणाला विचारायचं नाही, पुसायचं नाही. त्याच महिन्यात फोनचंही मशीन आलं, त्याला दिवे नव्हते; कुणी रिसिव्हर उचलून ठेवला तरी योहानला कळायचं नाही. दोन्ही यंत्रं चांगली. दोघांच्या मधून रीत तेवढी गळून पडली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

गौरी गेल्या त्या रात्री भीमा उतरला. नेहमीसारखा रिसिव्हर उचलून ठेवला आणि उतरला. योहान त्याच खोलीत मशीनपाशी बसला होता. मशीन कट-कट करत होतं... आणि मोटर चालू झाली.

पुढचं सांगत नाही.

चौकशी झाली. ठरलं काय, तर भीमा कुणाला न सांगता उतरला, चूक त्याची. त्याची बायको साळूबाई योहानच्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, खरं सांगा. त्यांनी तुमाला सांगितलं न्हवतं का? न सांगता उतरनारा मानूस हाय का तो?" योहान काय बोलणार? त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती भेटली की हा रस्ता बदलायचा. जेवण तुटलं, झोप तुटली. मरिया मला म्हणायची, "भावजी, ह्यांना काहीतरी समजवा." मी काय समजवणार कपाळ? नवऱ्याला मेल्यावर खोटं पाडलं, हे त्या बाईच्या जिव्हारी लागलं होतं, आणि ते खरं करून द्यायला जगात एकच माणूस होता, तोही मुका.

तर हात थांबला, तो यासाठी. मग योहाननं डोळे मिटले आणि पंपघराची तार कापली. टोकं बांधली. पक्कड पिशवीत टाकली. बोर्डाच्या पुढच्या बाजूला आला.

पंपघराचा दिवा लागला होता.

तो बघत राहिला. तारा कापलेल्या. बॅटऱ्या तर कधीच काढून नेलेल्या. बोर्डामागं जाऊन त्यानं टोकं पुन्हा पाहिली. सुटी होती. पुढं आला. दिवा होताच.

हेडफोन बोर्डाच्या खुंटीवर होता. कानाला लावला. इतक्या वर्षांची सवय... दोरी उचलली आणि खोचली.

आधी काहीच नाही. मग पाणी ठिबकताना ऐकू आलं. खोल. लांब.

"कोण पाहिजे?" योहान म्हणाला.

ठिबक... ठिबक...

"योहानभाऊ. माणूस खाली हाय. ध्यान ठिवा."

बस. पुन्हा पाणी.

"भीमा?"

...

"अरे, भीमा... तू..."

दिवा जळत होता.

दुसरा कुणी असता तर पळत सुटला असता. योहानसुद्धा उठला होता पळायला, त्यानंच मला सांगितलं. पण दारात त्याला आठवलं की भीमाच्या जागी आता छगन आहे. छगन म्हणजे साळूबाईचा धाकटा भाऊ. माणूस खाली आहे... कोणता माणूस?

तो मागं फिरला. नव्या फोनवरून पंपघराचा नंबर फिरवला. टूं-टूं-टूं. लाइन गुंतलेली. म्हणजे तिथं खरंच रिसिव्हर उचलून ठेवलेला होता. बघा पोरांनो, मशीनला सगळं ठाऊक होतं. भीमाच्या रात्रीही ठाऊक असणार. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा त्याचा स्वभाव.

इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. साहेब शनिवारचा नगरला सिनेमाला गेलेला.

शेजारीच वर्कशॉप. मोटरीच्या खटक्याची पेटी कुलूपबंद, कुणी हात लावू नये म्हणून किल्ली साहेबाच्या खिशात. योहाननं कोपऱ्यातला टिकाव घेतला. एक घाव. दुसरा. पेटीत काहीतरी खट्‌कन वाजलं. मोटरीला हुकूम सुटला होता. तिसरा घाव... कुलूप तुटलं. हाताला पंचा गुंडाळला आणि सापडतील ते सगळे फ्यूज उपटले.

अंधार. सगळ्या कॉलेजात अंधार.

सायकल काढली. नदीपर्यंत एकच रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेला ऊस. वारा नाही, तरी पाचोळा वाजत होता. योहाननं मागं बघितलं नाही.

पंपघराचं दार उघडं. भिंतीवरचा रिसिव्हर लोंबत होता. पिशवीतल्या टॉर्चचा उजेड विहिरीत टाकला.

"छगन!"

काही नाही.

"छगन्या... ए छगन्या!"

"व्हय..." खालून आवाज आला. "हाय. जित्ता हाय मी."

वर आला तेव्हा चिखलानं माखलेला, दातावर दात वाजत होते. उपरणं कमरेपर्यंत फाटलेलं. दांड्यानं धरलं होतं. म्हणाला, "गुं केलं मोटरीनं... अर्धा येढा फिरली आन् थांबली. जरा उशीर झाला असता ना भाऊ..."

"उतरलास कशाला मेल्या? साहेबांनी बजावलं होतं ना?"

"गाळ बसलाय. होस्टेलला थेंब न्हाई पान्याचा, पोरं बादल्या घेऊन बोंबलत्यात. म्या फोन उचलून ठिवला हुता. दाजींनीच शिकवलं हुतं, उचलल्याबिगर उतरायचं न्हाई."

"आणि बोललास काय फोनवर?"

"न्हाई बा. नुसता उचलला. बोलायचं अस्तंय का?"

योहाननं विहिरीत पुन्हा एकदा उजेड टाकला. छगननं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं.

दोघं तसेच निघाले. छगननं दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. रिसिव्हर लोंबताच राहिला, कुणाला सुचतंय तेव्हा? वाटेत साळूबाईची खोली. योहाननं आपण होऊन कडी वाजवली. तीन महिने रस्ता बदलणारा माणूस. तिनं चिमणी वर धरली, भावाचं फाटकं उपरणं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

योहान म्हणाला, "वहिनी, त्यानं सांगितलं होतं. त्या रात्रीही सांगितलं होतं. मलाच ऐकू आलं नाही." आणि तिथं उंबऱ्यावर बसून तो रडला.

ती म्हणाली, "चला. मला दावा."

खोलीत अंधार. मशीन गप. आणि बोर्डावर एक दिवा.

छगन हळूच म्हणाला, "भाऊ, मी तर वर आलो. मग ह्यो दिवा..."



साळूबाई पुढं झाली. योहाननं हेडफोन तिच्या कानाला लावून दिला. ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. काय ऐकलं ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. एकदा नुसतं "व्हय" म्हणाली. मग पदर सावरला, डोक्यावरून घेतला आणि घरात जेवायला हाक मारावी तशी बोलली.

"अवो... छगन आला वर. मी हितंच हाय. समद्यांना कळलं, तुमी सांगूनच उतरला हुता. लई दमला असाल. या आता वर."

ठिबक... ती पुढं म्हणाली, "ठिवा."

...

दिवा विझला.

पहाटेपर्यंत तिघं तिथंच भिंतीला टेकून बसली. उजाडल्यावर चर्चची घंटा झाली आणि छगन म्हणाला, पंपघर बघून येऊ. योहान बरोबर गेला. त्या दुष्काळात प्रवरेचं पात्र कोरडं ठाक होतं. दाराला कुलूप रात्री लावलं तसंच. छगननं कमरेची किल्ली काढून उघडलं.

रिसिव्हर जागेवर ठेवलेला होता. नीट, दोरीचा पीळ सोडवून... भीमा ठेवायचा तसा. आणि रिसिव्हरच्या दांडीवरून पाणी ठिबकत होतं.