चौथ्या तासाची नोंद

तक्त्यात बत्तीस चौकोन होते. माणसं आठ, प्रत्येकाच्या नोंदी चार. एकतीस चौकोनांत आकडे होते. तीस निळ्या शाईत आणि एक पेन्सिलीने, कारण त्या दिवशी गारठ्याने पेन उठत नव्हतं. बत्तिसावा चौकोन रिकामा होता. त्याच्या डाव्या टोकाला लिहिलं होतं 'दादा' आणि वरच्या टोकाला 'चौथा तास'.

अत्तरं बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीत धाकटी दोन वर्षांपूर्वी लागली, रसायनशास्त्राची पदवी हातात पडल्या पडल्या. घरी ती धाकटी. दादापुरती मात्र मोजपट्टी. लहानपणी केकचे तुकडे ती पट्टी लावून वाटून घ्यायची, तेव्हापासूनचं ते नाव. मोठं झाल्यावर त्याच सवयीचा तिला पगार मिळू लागला, असं दादा येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

सत्तावीस नंबरचा नमुना हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. थंडीत लावायचं अत्तर, बायकांना आणि पुरुषांना सारखंच शोभेल असं. आधी संत्र्याची साल आणि मिरी. ती तासाभरात उडून गेली की देवदाराचं लाकूड. आणि सगळ्यात शेवटी, तळाशी, व्हॅनिला; उन्हाने तापलेल्या कपाटात कोणीतरी एखादी शेंग विसरून गेल्यासारखी.

"बायकांचं की पुरुषांचं?" दादाने पहिल्यांदा हुंगून विचारलं होतं.

"दोघांचं."

"वा. म्हणजे घरात एकच बाटली आणि भांडायला दोघं."

थंडीतल्या अत्तराची अडचण अशी की गार हवेत वास उठत नाही. त्याला खालून ऊब लागते, कातडीची. म्हणून चाचणी बाहेरच घ्यावी लागे. इमारतीमागच्या फरसबंद अंगणात एक लोखंडी खांब होता. अत्तर लावलेल्या माणसाने गळा उघडा ठेवून खांबाला टेकून उभं राहायचं, आणि धाकटीने दहा मीटरवरच्या भिंतीपासून डोळे मिटून पाऊल पाऊल पुढे यायचं. वास आला की थांबायचं. कोठीवाले काका, म्हणजे कच्चा माल तोलून देणारे गृहस्थ, तिच्या बुटासमोर खडूने रेघ मारत आणि टेपने अंतर मोजत. मग ती जवळ जाऊन मनगटावर बंदुकीसारखं तापमापक रोखायची, आकडा टिपायची आणि म्हणायची, "झालं." असं तासातासाने चारदा. प्रत्येक नोंदीआधी पंधरा मिनिटं माणसाने हलायचं नाही. तो हलला की हवा ढवळते, वास पसरतो, आणि नोंद फुकट जाते.

दादा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी बहिणीसाठी उभा राहायला यायचा. डिसेंबरात एकदा तो नोंद संपायच्या आत पाय मोकळे करायला निघाला, तेव्हा ती सगळ्यांदेखत त्याच्यावर बरसली होती. "सगळा दिवस मातीत घातलास. मी 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही, एवढंही कळत नाही?" काका खडू शोधायच्या निमित्ताने आत निघून गेले होते. दादा परत जाऊन खांबाला टेकला होता.

जानेवारीतल्या त्या दुपारी चार वाजता तो चौथ्या नोंदीसाठी उभा राहिला. कोट आतल्या खुंटीवर, फोन कोटाच्या खिशात. चार वाजून दहा मिनिटांनी मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या मालकिणीने, धाकटीला आत बोलावलं. गिऱ्हाइकाने सत्तावीस नंबर पसंत केला होता. केक आला, टाळ्या झाल्या, काकांनी दोन तुकडे कागदात बांधून घेतले आणि लवकर कुलूप लावलं. मोठ्या बाईंनी धाकटीला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. ध्यानीमनी दुसरं काही नव्हतं. सात वाजता आईने सहज विचारलं, "दादा कुठाय गं? तुझ्याचकडे आला होता ना?"

ती काकांना फोन करत, धावत परत गेली. अंगणाचं फाटक उघडंच होतं. तो खांबाला टेकून उभा होता. ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

"झालं का?" त्याने विचारलं.

"वेड लागलंय का तुला? गेला का नाहीस?"

"म्हटलं, आता येशील. पाच मिनिटं, पाच मिनिटं करत..." तो हसला. "आणि तुझा पहिलाच नंबर. माझ्यामुळे वाया जायला नको."

आईला त्याने सांगितलं की बस चुकली. ताप दुसऱ्या दिवशी चढला. मग छाती भरली, मग दवाखाना, आणि नवव्या दिवशी सगळं आटोपलं. आईला अजूनही वाटतं की बस चुकली. धाकटीने ते तसंच वाटू दिलं.

सहा आठवड्यांनी, थंडी अजून ओसरली नव्हती तेव्हा, काकांनी विचारलं, "सकाळी कोणाला उभं केलं होतंस का?"

"नाही. का?"

"अंगणात सत्तावीसचा वास येतोय."

खांबाच्या रंगात मुरला असेल, ती म्हणाली. इतके दिवस माणसं टेकत होती. तिने खांब स्पिरिटने पुसला, मग साबणाने, मग पुन्हा स्पिरिटने. दुसऱ्या दिवशी वास होताच. ती खांबाला नाक लावून हुंगली. खांबाला लोखंडाचा वास होता. अत्तराचा वास खांबाच्या अलीकडे होता, वीतभर, मोकळ्या हवेत.

मग ती तिला येत असलेलं एकच काम करू लागली. रोज दुपारी भिंतीपासून डोळे मिटून निघायची. वास यायचा तिथे थांबायची, रेघ मारायची, मोजायची. एकशे दहा सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी एकशे दहा. अकराव्या दिवशीही एकशे दहाच. त्यात संत्रं नव्हतं, मिरी नव्हती. फक्त लाकूड आणि व्हॅनिला, चार तासांनी उरतात तेवढीच. पाचव्या तासाला देवदार विरायला लागतो. सहाव्याला नुसती गोडी राहते. हा वास पुढे सरकतच नव्हता.

तिने कागदाच्या पट्टीला अत्तर लावून ती खांबाला टांगून पाहिली. चार अंशांच्या हवेत पट्टीचा वास बारा सेंटिमीटरवरून आला. एकशे दहाला कातडी लागते.

हिशेबाच्या बाईंनाही एकदा उभं केलं, नव्या नमुन्यासाठी. सांगून ठेवलेलं असूनही त्या खांबाला टेकल्या नाहीत, दोन हात डावीकडे उभ्या राहिल्या.

"अहो, खांबाला टेका ना."

"टेकते की," त्या म्हणाल्या, आणि होत्या तिथेच राहिल्या. थोड्या वेळाने स्वतःलाच विचारल्यासारख्या पुटपुटल्या, "जागा कुठेय तिथे?" मग त्यांनी मागे वळून मोकळ्या खांबाकडे पाहिलं. पुन्हा उभं राहायला त्या आल्या नाहीत.

धाकटीला भीती वाटली नाही, हेच तिला कोणाला सांगता येत नव्हतं. उलट दुपार कधी होते याकडे तिचे डोळे लागलेले असत. रेघेवर उभी राहून ती डेपोतल्या कोणाचं लग्न ठरलं, आई आता दोन वेळा जेवते, असं काहीबाही बोलायची. फक्त एक शब्द ती टाळत होती. तो म्हटला तर दादा जाईल, आणि म्हटला नाही तर दादा या गारठ्यात असाच उभा राहील. मोजमापात तिने कधी कोणाची गय केली नव्हती. इथे मात्र ती रोज स्वतःला सांगत होती, उद्या.

"तू त्याला तिथे धरून ठेवलंयस," काका एकदा टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"मी काही केलेलं नाही, काका."

"तेच म्हणतोय मी."

त्या रात्री घरी आईने दादाचा मफलर धुवायला काढला आणि परत ठेवून दिला. "असू दे, नाही का गं? पोराला थंडी फार बाधायची. मीच म्हणायला हवं होतं, मफलर घालून जा." धाकटीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ती म्हणाली, "झोप आता."

शुक्रवारी मोठ्या बाईंनी तक्ता मागितला. बाटल्या भरायच्या होत्या. रिकाम्या चौकोनावर त्यांनी हलकेच बोट ठेवलं. "एवढ्यावर आडवी रेघ मार, चालेल. कोणी विचारणार नाही."

"भरते," ती म्हणाली.

चार वाजता ती अंगणात गेली. काकांना बरोबर घेतलं नाही. हवा चार अंश. भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि निघाली.

एकशे दहावर वास आला. तिने रेघ मारली नाही. ती चालत राहिली.

वास दाट होत गेला. मग गालाला हवा कोमट लागली. ती थांबली आणि नेहमी वाकायची तशी वाकली, मनगटाच्या उंचीवर.

लाकूड. व्हॅनिला. आणि त्याखाली, अगदी पुसट, डेपोतलं ग्रीस.

"दादा," ती म्हणाली. "मी तुला विसरले होते. केक खात होते."

मिटलेल्या डोळ्यांनीच ती पुढे म्हणाली,

"आईला सांगेन मी. आज सांगेन."

मग तिने तो शब्द म्हटला.

"झालं."

वास गेला. विरला नाही, ओसरला नाही. दिवा मालवावा तसा गेला. नाकात नुसती थंडी राहिली. ती तिथेच खाली बसली आणि नऊ दिवसांत, सहा आठवड्यांत, तेव्हापासूनच्या सगळ्या दुपारींत जी रडली नव्हती, ती रडली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. गेला. सुटला. उशिरा का होईना, आपण म्हटलं.

उठताना तिने तापमापक सवयीने फरशीवर रोखलं. चाचणी संपली की जागेचं तापमान टिपायचं, एवढा साधा नियम होता तो.

अंगणातली फरशी सगळीकडे तीन अंश. ती स्वतः बसली होती ती जागा आठ. खांबालगत दोन जागा होत्या, शेजारी शेजारी, बुटाएवढ्या. बारा.

ती बाजूला झाली आणि घड्याळ लावलं. माणूस हलला की फरशी निवायला फार वेळ लागत नाही.

चार मिनिटांनी तिची स्वतःची जागा तीन अंशांवर आली. खांबालगतच्या दोन जागा बारा.

दहा मिनिटांनी, बारा.

अंधार पडायला लागला तेव्हा, चाळीस मिनिटांनी, तिने शेवटचं मोजलं. डावी जागा बारा. उजवी जागा बारा.