बसलेले पाटे

दिवा जरा अलीकडे घ्या, सांगते. गोष्ट रात्रीची नाही, दिवसाढवळ्याची आहे. आणि काम तर आमचं नेहमीचंच होतं.

नवरा गेल्यापासून पाट्यांचं वर्कशॉप मी आणि माझा धाकटा दीर चालवतो. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते ना, एकीखाली एक रचलेली, तेच पाटे. भार पडला की वाकायचं, उतरला की उठायचं, एवढंच त्यांचं काम.

त्या दिवशी धुकं असं, की समोरचा विजेचा खांब दिसेना. एक ड्रायव्हर लष्कराचा जुना ट्रक घेऊन आला. लिलावात घेतलेला, पाणी वाहायला. मागे दोन्ही बाजूंना जवानांना बसायची लाकडी बाकं अजून तशीच होती.

"मावशी, रिकामाच आहे, तरी मागून बसतोय. दोन ठिकाणी पाटे बदलून झाले, आठवडा टिकत नाहीत. तिसऱ्याने तर गाडी आतच घेतली नाही."

दीर माझ्या कानाशी आला. "वहिनी, आपणही नको घ्यायला. काहीतरी आहे यात..."

"काहीतरी म्हणजे काय? लोखंड आहे. बसलं तर उठवायचं."

मागचे दोन्ही पाटे उतरवले. मोडलेल्या पट्ट्या बदलल्या, सपाट झालेल्यांना ऐरणीवर घणाने ठोकून पुन्हा कमान दिली, पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलं. दुपार कलली तेव्हा पाटे चढवून जॅक काढला. ट्रक कसा ताठ उभा राहिला! ड्रायव्हर खूश होऊन चहाला गेला. चाकांवर भार आला की नट पुन्हा आवळावे लागतात, म्हणून दीर पाना घेऊन खाली सरकला.

किर्र...

ट्रक मागून बोटभर खाली आला. थोडं थांबून पुन्हा किर्र. कोणी फळीवर पाय देऊन वर चढावं, त्याच्यामागून दुसऱ्याने चढावं, तसं. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास नाकात शिरला.

"वहिनी," दीर खालून हळूच म्हणाला, "वर कोण चढतंय?"

"कोणी नाही. तू बाहेर ये."

"हात... हात अडकलाय, वहिनी. ॲक्सल आणि चासीच्या मध्ये..."

मी जॅक सरकवला, दांड्यावर अंग टाकलं. भरलेला ट्रक उचलणारा जॅक तो. सील फाटलं, तेल माझ्या पायावर उडालं, ट्रक केसभर हलला नाही. किर्र. दीर ओरडला. मग त्याचं ओरडणंही थांबलं.

घाबरायला वेळ नव्हता. राग मात्र डोक्यात गेला होता. घण उचलला आणि ट्रकमध्ये चढले.

आत कोणी नव्हतं. दोन्ही बाकांच्या फळ्या मात्र मधोमध खाली वाकलेल्या.

"उतरा," मी म्हटलं. "तुम्ही कोण, कुठे निघाला होतात, मला विचारायचं नाही. खाली माझा माणूस आहे. हे वर्कशॉप माझं आहे, आणि इथे दुरुस्तीच्या गाडीत कोणी बसत नाही. कोणीच नाही!"

काही हललं नाही. अगदी गालाजवळ कोणीतरी श्वास सोडला... गार.

मी घण उचलून बाकावर घातला. फळी उभी चिरली. "पुढचा घाव कुठे बसेल ते मी बघणार नाही. उतरा!"

माझ्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. ट्रक बोटभर वर उठला. मग दुसरं, तिसरं... मी वाटेतून हटले नाही. ज्याला जायचं त्याने मला वळसा घालून जावं. अकरा वेळा पाटे उठले. खालून दिराचं रडणं ऐकू आलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

हात वाचला त्याचा, दोन बोटं तेवढी वळत नाहीत. ड्रायव्हर ट्रक घेऊन गेला. तो आजही पाणी वाहतो, पाटे ताठ आहेत.

त्या संध्याकाळी दिराने विचारलं, "वहिनी, पण ते उतरून गेले कुठे?"

मी बाहेर बघितलं. वर्कशॉपच्या दाराशी आमची छोटी पिकअप उभी होती, रिकामी. तिचे पाटे पार सपाट झाले होते.

दीर म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, का म्हणून? गाडी माझी आहे. दोन्हीकडे एकेक जादा पट्टी टाकली आणि मागे तोंड करून स्पष्ट सांगितलं, "बसायचं तर बसा. मी काम करत असताना हलायचं नाही." हलत नाहीत.

रोज सामान पोचवायला त्याच गाडीने जाते, एकटी. सामान उतरवते आणि रिकामी गाडी घेऊन परत येते. फक्त एवढंच, की येताना पाटे जातानापेक्षा जास्त वाकलेले असतात. काल आणखी एक पट्टी टाकली.