तेजस्विनीच्या फोनमधल्या नोंदी

सोमवारी सकाळी तेजस्विनी ऑफिसात आली, तर तिच्या खुर्चीवर एक अनोळखी तरुण बसलेला. पुढ्यात पुदिन्याचा चहा, हातात सुलभाबेनचा फोन.

"ही माझी जागा आहे."

"माहीत आहे," तो लगबगीने उठला. "पंख्याचा वारा इथेच लागतो. मी चेतन. ऑफिसचं ईमेल सगळ्यांच्या फोनवर जोडायला आलोय. तुमचाही द्या, मॅडम."

तिने फोन पर्समध्ये अजून खोल सरकवला.

कारण होतं तसं. यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या नाशिकच्या कंपनीची ही सुरतची शाखा म्हणजे जेमतेम पाच माणसं. त्यातलं एक कमी होणार अशी कुजबुज महिनाभर चालली होती, आणि सगळ्यांत नवी होती तेजस्विनी. नेमकं आत्ताच नाशिकला प्रत्येकाच्या फोनवर ईमेल हवंसं वाटावं? कोण किती वाजता मेल उघडतं, कोण उघडतच नाही... हा माणूस टेहळणीलाच आला होता, यात तिला शंका उरली नाही.

"अगं, दे ना," शाखेतल्या सर्वांत जुन्या सुलभाबेन म्हणाल्या. "खातोय का तो फोन?"

तिने दिला, पण नजर त्याच्या बोटांवर. लांबसडक बोटं होती... पडद्यावर काहीतरी परवानगी मागणारा मजकूर आला. तिने तो वाचलाच.

"म्हणजे नाशिकला बसून कुणी माझा अख्खा फोन पुसू शकतं?"

"चोरीला गेला तरच."

"आणि चोर तुम्हीच असाल तर?"

"तर पुसायचं काम मलाच सांगतील," तो हसला. "बघा, आता मेल, कॅलेंडर, नोंदी, जे काही लिहाल ते फोनवर आणि त्या कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे दिसेल."

पण ती बोटांकडेच पाहत होती. शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही.

दोन फोन जुने निघाले, त्यामुळे काम तीन दिवस लांबलं. तेवढ्यात तेजस्विनीने फोनमध्ये गुपचूप नोंदी ठेवायला सुरुवात केली. उद्या कामावरून काढलंच, तर दाखवायला पुरावा हवा.

बुधवारी दुपारी ती गोदामातून वर आली आणि दारातच थिजली. चाचणीसाठी तिचं खातं कॉम्प्युटरवर उघडून चेतन बसला होता. पडद्यावर तिचेच शब्द होते. ओळीने. सगळे.

आता संपलं... हा हे शाखाप्रमुख विनायकभाईंना दाखवणार, विनायकभाई नाशिकला कळवणार. पाचातलं कोण जाणार, हे ठरलंच. ती कशीबशी समोरच्या टेबलाशी जाऊन बसली.

तिच्या हातातला फोन उजळला. तिच्या नोंदींखाली नव्या ओळी उमटत होत्या.

'सोम. ११.४०. जिन्यात जाऊन हळू आवाजात फोन. नाशिक?'
माय होती. जेवलो का विचारत होती. तुमच्यासमोर अहिराणी बोलायला लाजलो.

'फोनवर स्वतःला भटू म्हणवतो. नाव खोटं.'
इथेच सुरतेत, कोसाडला, घरी भटूच. चेतन शाळेत लागलं.

'मंगळ. माझा फोन झालेला असताना पुन्हा मागितला.'
हे मात्र खरं. त्याला काहीच झालं नव्हतं.

'सुलभाबेन, मयुरीबेन... सगळ्याजणींना बेन म्हणतो. मला मॅडम. का?'

इथे उत्तर नव्हतं. तेजस्विनीने हळूच वर पाहिलं. तो पाठमोरा होता. कान लाल झालेले. मग कीबोर्डच्या कळा वाजल्या. तिने मनात सेकंद मोजले... चार... पाच...

एकदा बेन म्हटलं की सुरतमध्ये परतीची वाट नसते.

तिने पदर नसतानाही खांद्यावरून पदर सावरल्यासारखं केलं. मग टाइप केलं, 'पाचातलं कोण जाणार?'

ठाऊक नाही. मी नाशिकचा नाही, कंत्राटावरचा आहे. पण पाचही खाती वर्षभरासाठी उघडलीत. ज्याला काढायचं, त्याचं खातं कुणी उघडेल?

आणि खाली, बऱ्याच वेळाने:

रविवारी पाच वाजता. खालच्या गाडीवर गरम लोचो खायला. संशय असेल तर सुलभाबेनना सोबत आणा.

"काय गं, एवढं काय हसतेस फोनमध्ये?" सुलभाबेननी विचारलं.

"मेल आलंय."

"बघ, आणि तू फोन द्यायला तयार नव्हतीस."

निघताना तो तिच्या टेबलाशी आला. "मॅडम, आता पासवर्ड बदला. मी बघत नाही." आणि खरंच, खिडकीबाहेर तोंड करून उभा राहिला.

तिने बदलला. "मग आता माझं काहीच वाचता येणार नाही तुम्हाला?"

"नाही."

"मग मी रविवारी येणार की नाही, कसं कळणार?"

"नाहीच कळणार," तो म्हणाला. "पाचला जाऊन... वाट बघत बसेन."

तो बॅग उचलून बाहेर पडला. ती दाराशी जाऊन बघत राहिली. जिन्यावरची पावलं दोनदा थांबली, दोनदा पुन्हा सुरू झाली.

तेजस्विनीने फोन उघडला.

'बुध. ५.५५. जिन्यात दोनदा मागे वळून पाहिलं.'

आता खाली उत्तर येणार नव्हतं. मग तिनेच लिहिलं:

मीही.