दोन दिवसांच्या दशम्या

टोरांटोत सकाळी दार वाजलं तेव्हा विश्राम देवतळे दात घासत होता. उघडलं तर दारात नागपूरची कुंदाताई, त्याची मोठी बहीण. अंगात दोन स्वेटर, काखेत उशी, हातात शालीत गुंडाळलेला डबा.

"दुपारचा चहा घेऊन निघाले, तर तुझ्याकडे अजून सकाळच," ती म्हणाली. "सरक बाप्पा, आत तर येऊ दे."

तिनं डबा सोडला. वर कोथिंबीर ठासून भरलेल्या सांबारवड्या, खाली दशम्यांची चळत, दोन दिवस पुरेल एवढी.

"वाटेत खाईन म्हटलं. कुठलं काय. तिकीटवाल्यानं गोफणीचंच तिकीट हातात दिलं. पट्टा बांधला, पोटात गोळा आला, खिडकीत आभाळ काळं झालं, की विमानातली पोरगी म्हणे, आजी, उतरा."

गोफण-विमानच ते. भिरकावलेल्या दगडासारखं हवेच्या वर निघून जायचं. तिथं अडवायला वाराच नाही, म्हणून नागपूर ते टोरांटो हे बारा हजार किलोमीटर सत्तर मिनिटांत. विश्रामला हे सगळं ठाऊक होतं. ताईला मात्र तो सांगत आला होता, की गोफण आमच्या विमानतळावर येत नाही. साधी विमानं बदलत यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात.

"खा ना. बघतोस काय."

त्यानं वडी मोडली. ताईच्या कढईची ऊब अजून तिच्यात होती. त्याला मान वर करवेना.

विमानात मिळालेली कापडी पिशवी ताईनं खुर्चीवर ठेवली, छापील बाजू भिंतीकडे करून.

"ही टोरांटोची गोफण आत्ताच सुरू झाली असेल, नाही रे?" दशमीचा तुकडा मोडत तिनं विचारलं. "बाबांच्या वेळी नव्हती."

त्याला चार वर्षांपूर्वीचा तिचा फोन आठवला. बाबांचं काही खरं नाही, ये. आणि आपलं उत्तर: मी कुठला पोचतोय, ताई, माझ्यासाठी थांबू नका. त्या आठवड्यात ऑफिसात एक बैठक होती. कसली, ते आता आठवतही नव्हतं.

ताईनं 'हो' त्याच्या हाताशी आणून ठेवलं होतं. नुसतं उचलायचं होतं. पण त्यानं हात लांबवला आणि पिशवी फिरवली. 'नागपूर-टोरांटो गोफणसेवेची सहा वर्षं', लाल अक्षरांत.

"वाचलंय मी," ताई म्हणाली. "वाटभर तेच वाचत होते."

दशमीचा तुकडा तिच्या बोटांत तसाच राहिला.

"बाबा सारखं विचारायचे, विश्राम येतो का. मी पाय चेपत सांगायची, त्याचा जीव तुटतोय हो, पण वाट लई लांबची आहे. मग डोळे मिटून पडायचे." तिनं तुकडा परत डब्यात ठेवला. "मी त्यांना खोटं सांगितलं का रे, विश्राम?"