लालीची दोन दुखणी

उभी असली की थरथरते आणि चढाला लागली की धापा टाकते, अशा गाडीला रोग किती, एक की दोन? हे कोडं शाल्मलीला कुणी हौसेनं घातलं नव्हतं. ते तिच्यावर येऊन कोसळलं होतं, आणि तेही चिरेखिंडीच्या पायथ्याशी, वाहन तपासणी केंद्राच्या आवारात, जिथे जुन्या गाड्या चिरडणारं यंत्र जबडा वासून बसलं होतं.

गाडीचं नाव लाली. वय वीस वर्षं. मालकीण शाल्मलीची कुंदामावशी, दातांची डॉक्टर. लालीच्या मागच्या भागात दात तपासायची खुर्ची बसवलेली होती आणि ती घेऊन मावशी घाटावरच्या वाड्यांवर फिरायची. आता तुम्ही म्हणाल, जिकडे तिकडे आपोआप चालणाऱ्या विजेच्या गाड्या असताना उसाच्या मळीच्या इंधनावर चालणारी ही म्हातारी कशाला? कारण त्या शहाण्या गाड्या चिरेखिंडीशी आल्या की थांबत आणि "पुढे रस्ता नाही" म्हणून माघारी वळत. रस्ता चांगला होता, फक्त त्यांच्या नकाशात नव्हता! लाली गेली, तर वरच्या लोकांना ठणकती दाढ घेऊन घाट पायी उतरावा लागणार होता.

केंद्रातल्या यंत्रमानवाला सगळे तपासनीस म्हणत. त्यानं लालीला एक तार जोडली, घाटाच्या सुरुवातीपर्यंत एक फेरी मारायला लावली आणि निकाल सांगितला.

"दुखणं पहिलं. गाडी उभी असताना इंजिन थरथरतं. आत शिरणारी हवा मोजून तेवढंच इंधन दिलं जातं, पण आत हवा मोजलेल्यापेक्षा जास्त सापडते. दुखणं दुसरं. चढावर ताकद नाही. टर्बोचार्जर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा) फिरतो, पण हवेला हवा तेवढा दाब येत नाही. वय वीस, दुखणी दोन. निदान, म्हातारपण. गाडी भंगारात."

"म्हातारपण हा काय रोग आहे?" मावशी कडाडली. "वरच्या वाडीतले सत्तरीचे आजोबा अजून दातांनी ऊस सोलतात!"

"हरकत असल्यास केंद्र बंद होण्यापूर्वी पुरावा दाखवा," तपासनीस शांतपणे म्हणाला.

मावशी लालीच्या पायरीवर मटकन बसली. शाल्मलीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू बॉनेट उघडून बघितलंस?"

"गरज नव्हती. तारेतून सगळे आकडे मिळाले."

"न बघताच भंगारात? नाही जाणार लाली! मी हरकत घेते."

हरकत घेतली खरी, पण पुरावा आणायचा कुठून? शाल्मली कोकम सरबताची बाटली घेऊन धुमसत बसली. रागारागात तिनं बाटलीतली नळी चावून चावून तिचा पार चोथा केला होता. आता सरबत ओढलं, तर तोंडात फुरफुर हवाच यायला लागली. चिडून तिनं नळीत जोरात फुंकलं, तर चिरेतून सरबताचे थेंब उडाले, थेट तपासनीसाच्या छातीवर.

तिनं पुन्हा ओढलं, पुन्हा फुंकलं. आणि ताडकन उठली.

"तपासनीसा, उभ्या गाडीत इंजिन हवेचं काय करतं?"

"ओढतं. थ्रॉटल (हवा कमीजास्त आत सोडणारं दार) जवळजवळ बंद असतं. त्यामुळे दाराच्या आत हवा विरळ होते."

"आणि चढावर?"

"दार उघडतं. टर्बो हवा दाबून आत भरतो."

"मग दार आणि इंजिन यांच्यामधल्या नळीला चीर असेल तर? गाडी उभी असताना त्या चिरेतून न मोजलेली हवा आत शिरणार आणि इंजिन थरथरणार. चढावर दाबलेली हवा त्याच चिरेतून बाहेर पळणार आणि ताकद जाणार. ही माझी नळी बघ! ओढली की हवा आत, फुंकली की बाहेर. दुखणी दोन, पण चीर एकच!"

तपासनीसाच्या कपाळावरचा दिवा दोनदा लुकलुकला. "शक्य आहे. पण हा तर्क झाला. पुरावा नाही."

"दाखवते. हवा दिसत नाही, पण धूर दिसतो ना?"

मावशीचा चेहरा उजळला. रोज सकाळी ती लालीपुढे धूप जाळायची, त्या धुपाची डबी गाडीत होतीच. दात कोरडे करायला हवेचा झोत मारतात, तो रबरी फुगाही होता. इंजिन पार थंड होऊ दिलं. मावशीनं गाडीपासून लांब, पत्र्याच्या डब्यात धूप पेटवून झाकण लावलं. तपासनीसानं थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधली एक बारीक नळी सोडवून तिथे डब्यापासून आणलेली लांब रबरी नळी जोडली. मावशी डब्याला लावलेला फुगा दाबायला लागली आणि डब्यातला धूर नळीतून इंजिनाकडे निघाला.

बराच वेळ काहीच झालं नाही. तपासनीसानं चिरडण्याच्या यंत्राकडे मान वळवली.

"थांब!" शाल्मली ओरडली. "इकडे बघ, इकडे!"

एका जाड रबरी नळीच्या खालून धुराची बारीक रेघ वर येत होती. शाल्मलीनं हात घातला, तर हाताला लागलं एक वाळलेलं लिंबू आणि त्याखाली मिरच्या.

मावशीनं जीभ चावली. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर तिनं लिंबू-मिरची नेहमीसारखी पुढे टांगली होती. पण समोरचं अंतर मोजणारा लालीचा डोळा त्या लिंबाला अडथळा समजून सारखा कोकलायला लागला. मग मावशीनं ती माळ बॉनेटच्या आत, त्या नळीलाच तारेनं करकचून बांधली. इंजिन थरारलं की तार रबरात रुतायची. रुतता रुतता नळी चिरली होती.

"दृष्ट लागू नये म्हणून बांधलं, आणि मीच माझ्या लालीचा गळा आवळला गं!" मावशी हळहळली.

तपासनीस भंगाराच्या ढिगाकडे गेला आणि तशीच एक धड नळी काढून घेऊन आला. ती बसवली. चावी फिरवली. लाली थरथरली नाही, तिचा आवाज एकसारखा लागला. शाल्मलीला रडूच फुटलं आणि तिनं ते मुळीच लपवलं नाही.

"चढाची चाचणी बाकी आहे," तपासनीस म्हणाला. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून स्वारी दात तपासायच्या खुर्चीत विराजमान झाली.

चिरेखिंडीचा पहिला चढ आला. मावशीनं पाय दाबला, टर्बोनं बारीक शीळ घातली आणि लाली तरण्या गाडीसारखी वर निघाली.

"दाब पूर्ण. ताकद पूर्ण. निदान चुकलं होतं," तपासनीस म्हणाला. "यापुढे आधी बॉनेट उघडीन." आणि लगेच त्याचा दिवा लाल झाला. "थांबा! नकाशाप्रमाणे पुढे रस्ता नाही."

मावशी थांबली नाही. शाल्मलीनं मागे वळून खिडकीची काच खाली केली.

"नकाशा राहू दे. बाहेर बघ."

तपासनीसानं मान बाहेर काढली. समोर तांबडा, वळणावळणाचा रस्ता होता, आणि वरच्या वळणावर हातानं गाल धरून उभी असलेली माणसं लालीकडे बघून हात हलवत होती.

"आहे," तो म्हणाला. "नकाशात भरून घेतो."