दुसऱ्या डिशमधला अंधार

“पावणं, यष्टी गेली!”

मी चिडून वळले. तळेघरच्या फाट्यावर मोटरसायकलला टेकून, टिलरचा तुटका पट्टा खांद्यावर टाकून तो हसत होता.

“पावणी नाही मी. इथलीच. हौशीराम गुरुजींची स्नेहल.”

“आन् मी सूरज. नांगरणीचे टिलर दुरुस्त करतो. मंचरला निघालोय... बसा.”

बसले. काय करणार? दुपारच्या आत पुण्याच्या लॅबमध्ये पोचले नाही, तर तीन आठवडे वाढवलेल्या माझ्या पेशी वाया जाणार होत्या. वाटेत त्याला तसं सांगितलंही.

“कसल्या पेशी?”

“उंदराच्या मेंदूतल्या. चेतापेशी, आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी. एक पेशी रसायन सोडते, दुसरीवर ते बसायला जागा असते. त्या जागेवर बसणारं चमकतं औषध घालून मी ती जागा शोधते. ग्लियावरही चमक दिसते मला... सर म्हणतात, औषध उगाच चिकटलंय. ती चमक खरी आहे हे आज सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर माझा विषय बंद.”

“म्हंजी सांभाळणाऱ्यांना कुणी मोजतच न्हाई!”

खोटं कशाला बोलू? मला तो तिथेच आवडला.

मंचरला पुण्याच्या गाड्या भरून येत होत्या, एकही थांबेना. त्याने न विचारता मोटरसायकल पुण्याकडे वळवली.

“अहो, टिलरचं काम?”

“टिलर थांबंल. तुमच्या पेशी थांबायच्या न्हाईत.”

लॅबच्या दाराशी त्याने चपला काढल्या.

“घाला आधी! इथे अनवाणी चालत नाही!”

“एवढं जपताय, म्हटलं देवघरच असंल.”

चार तास तो व्हरांड्यात बसून राहिला. मग मी त्याला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. ग्लियावर हिरवे ठिपके चमकत होते.

“लई भारी! पण खरं कशावरनं?”

“दुसऱ्या डिशमध्ये त्या जागा मी आधीच साध्या, न चमकणाऱ्या औषधाने भरून ठेवल्यात. चमकणाऱ्याला बसायला जागाच नाही. तिथे अंधार असेल, तर ही चमक खरी.” मी दुसरी डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली. “तुम्हीच बघा... माझी हिंमत नाही.”

तो वाकला. किती वेळ लावावा माणसाने!

“काळोख हाय,” तो हळूच म्हणाला. “समदा काळोख.”

मी किंचाळलेच. त्याचा हात घट्ट धरून स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं. हात सोडायचं मात्र राहून गेलं.

“स्नेहल... तुमची जागा — आधी कुणी भरून न्हाई ना ठेवली?”

माझे कान तापले.

“न्हाई,” मी म्हणाले. “आणि यापुढं कुणी आलंच, तर जागा न्हाई म्हणून सांगीन.”